याकोब श्टाइनहार्टच्या काष्ठमुद्रा : प्रकल्प नोंदी

१२ जून २०२५

सप्टेंबरच्या कार्यशाळेचा विषय आज पक्का केला. मुद्राचित्रणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी दिवसभराचा कार्यक्रम आहे. सकाळी पडद्यावर चित्रं दाखवत व्याख्यान, दुपारी प्रत्यक्ष लाकूड कोरणं. कलाकार याकोब श्टाइनहार्ट, जर्मनीतला यहुदी चित्रकार आणि मुद्राचित्रकार.

आपल्या मुलांना केट कॉलविट्झ माहीत असते, चित्तप्रसाद आणि हरेन दास माहीत असतात. श्टाइनहार्टचं नाव मात्र बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. काष्ठमुद्रेत, म्हणजे कोरलेल्या लाकडी फळीवरून छापलेल्या चित्रात, माणसाचा चेहरा कसा उभा करायचा हे ज्यांच्याकडून शिकावं अशा माणसांत मी त्याला फार वर ठेवते. शिवाय त्याचं बरंचसं काम यहुदी ग्रंथांतून आणि सणावारांतून आलेलं आहे. ती बाजू समजून न घेता नुसतं तंत्र शिकवलं, तर मुलांच्या हाती काळं-पांढरं एवढंच लागेल. म्हणून दोन्ही एकत्र शिकवायचं.

चरित्राचा सांगाडा लिहून काढला. जन्म १८८७, झेरकोव्ह. पोझेन प्रांतातलं हे लहान गाव तेव्हा प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. १९०६ पासून बर्लिनमध्ये कलाशिक्षण. १९०८ ते १९१० पॅरिस. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात. १९३३ मध्ये जर्मनी सोडून पॅलेस्टाइन, जेरुसलेम. तिथे आधी स्वतःची कलाशाळा, मग बेझालेल कलासंस्थेत ग्राफिक विभागाचा प्रमुख, १९५४ ते १९५७ तिथलाच संचालक. मृत्यू १९६८.

सध्याचा बेत असा की व्याख्यान याच क्रमाने न्यायचं. पण हा क्रम मला आताच जरा सपाट वाटतो आहे. पाहू.

१९ जून

बर्लिनची वर्षं. १९०७ मध्ये तो चित्रकला लोव्हिस कोरिंथकडे शिकत होता आणि एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा ओढून त्या आम्लाने खोदून छापायचं तंत्र, हेर्मान श्ट्रुककडे. श्ट्रुकबद्दल मुलांना थोडं सांगायलाच हवं. हा धर्माचे नियम काटेकोर पाळणारा यहुदी आणि एचिंगचा मोठा उस्ताद. १९०८ मध्ये त्याचं एचिंगकलेवरचं पुस्तक आलं आणि जर्मन भाषेत या विषयाचा तोच आधारग्रंथ ठरला. खुद्द कोरिंथ आणि माक्स लिबरमान हे चित्रकार त्याच्याकडे एचिंगची हातोटी शिकले, पुढे शगालही शिकला. सहीशेजारी तो षट्कोनी तारा काढायचा. १९२२ मध्ये हैफाला गेला आणि १९४४ मध्ये तिथेच वारला. त्याचं घर आज संग्रहालय आहे.

तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओढलेली बारीक, सावकाश दाट होत जाणारी रेघ हे श्ट्रुकचं बलस्थान. वृद्धांच्या दाढ्या, भुवया, डोळ्यांखालच्या सुरकुत्या तो अशा काढतो की कातडीचा पोत कळतो. श्टाइनहार्टच्या सुरुवातीच्या एचिंगमध्ये ही शिस्त दिसते, पण रेघ बेचैन आहे. ती चेहऱ्यावर थांबत नाही, ओरखडे काढत पुढे जाते.

पॅरिसमध्ये मातीस आणि स्टेनलेन यांच्याकडे काही काळ. मग परत बर्लिन. १९१२ च्या नोव्हेंबरात लुडविग माइडनर आणि रिचर्ड यानटुर यांच्यासोबत ‘पाथेटिकर’ या गटाचं प्रदर्शन हेरवार्त वाल्डेनच्या ‘श्टुर्म’ गॅलरीत झालं. गट फार टिकला नाही. पण त्या काळात त्याने काय निवडलं पाहा: काईन, इयोब. भावाचा खून केलेला माणूस, आणि काही गुन्हा नसताना सगळं गमावलेला माणूस. १९१३ चं ‘शहर’ हे तैलचित्र आज बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. त्यात घरं एकमेकांवर कलली आहेत आणि रस्ता माणसांनी गच्च भरला आहे. याच सुमाराचं ‘प्रेषित’ही मोठं तैलचित्र. प्रेषित काढायचा तो शहराच्या आतच, हे इथे ठरलेलं दिसतं.

दोन स्लाइड्स पुरेत.

२७ जून

युद्धाची वर्षं वाचत होते. ही गोष्ट मला वाटलं होतं त्याहून महत्त्वाची निघाली.

जर्मन सैन्यात असताना तो पूर्व आघाडीवर पोलंड-लिथुआनियात होता, नंतर मॅसिडोनियात. लिथुआनियातली यहुदी गावं त्याला तिथे जवळून दिसली: लाकडी घरं, चिखलाचे रस्ते, अंगभर काळे डगले घातलेली माणसं, पुस्तकावर वाकलेली मुलं. शाळेसाठी तो लहानपणीच झेरकोव्ह सोडून बर्लिनला आलेला. त्यामुळे जे लहानपणी मागे राहिलं होतं ते सैनिकाच्या वेशात पुन्हा समोर आलं. आणि आलं ते युद्धात होरपळलेल्या, भुकेल्या अवस्थेत. त्याने वह्या भरभरून रेखाटनं केली.

श्ट्रुकही त्याच आघाडीवर होता आणि त्यानेही हीच माणसं काढली. त्या चित्रांचं पुस्तक १९२० मध्ये आर्नोल्ड त्स्वाइगच्या मजकुरासह निघालं. गुरू-शिष्यांची चित्रं शेजारी ठेवून पाहिली. श्ट्रुकची माणसं एकेकटी आहेत, बहुतेक चेहरा आणि खांदे, पूर्ण सन्मानाने बसलेली. श्टाइनहार्टची माणसं रस्त्यात आहेत, वाऱ्यात आहेत, दारातून डोकावत आहेत. त्यांच्या पाठी वाकल्या आहेत आणि पाठीमागची घरंही त्यांच्याच बाजूला वाकली आहेत.

इथून पुढे त्याच्या कामात लाकूड वाढत जातं. एचिंग सुटलं नाही, पण वजन इकडे आलं. कारण माझ्या मते सरळ आहे. पत्र्यावर अंधार रेघारेघांनी जमवावा लागतो. लाकडात तो आधीपासूनच असतो. न कोरलेली फळी छापली तर सगळा कागद काळा येतो. त्या काळ्यातून जेवढं दाखवायचं तेवढंच कापून काढायचं. अशा माणसांसाठी हे माध्यम जास्त खरं होतं.

४ जुलै

पाऊस धरून बसला आहे. फळ्या फुगतात, म्हणून लाकडाचं आजच मार्गी लावलं.

मुलांना एरवी आपण एमडीएफ किंवा लिनोलियम देतो. कोरायला सोपं, रेषा नसलेलं, कुठूनही कसंही कापा. या कार्यशाळेत खरी फळीच द्यायची असं मी ठरवलं आहे. लाकडाला स्वतःची दिशा असते हे हाताला कळल्याशिवाय श्टाइनहार्ट कळणार नाही. आमच्या सुतारकाकांकडे पॅकिंगच्या पेट्यांतल्या पाइनच्या फळ्या होत्या. त्यांनी रंधा मारून दिल्या. म्हणाले, “ताई, हे कोरीव कामाचं लाकूड नव्हे, फाटतं.” मी म्हटलं, “काका, थोडं फाटलेलंच हवंय.” त्यांनी तरी एका फळीची गाठ काढून टाकली. ती मी परत मागून घेतली.

संध्याकाळी एक लहान चेहरा कोरून पाहिला. पाइनमध्ये मऊ आणि कठीण पट्टे एकाआड एक असतात. व्ही-टूल, म्हणजे व्ही आकाराच्या टोकाचं कोरायचं हत्यार, रेषेच्या बाजूने चालवलं की लोण्यातून गेल्यासारखं सुळकन जातं आणि हात आवरला नाही तर पुढे घसरतं. आडवं चालवलं की कठीण पट्ट्यावर अडतं, जोर लावला की पुढच्या मऊ भागात एकदम घुसतं, आणि कडेची चिलपी उडते. छापल्यावर त्या आडव्या कापाची कड दातेरी येते. श्टाइनहार्टच्या गालांवर आणि डगल्यांच्या घड्यांवर हेच दातेरी पांढरं आहे. गाल उभट असेल आणि लाकडाची रेषाही उभी असेल, तर तो गालफडाचं हाड आडव्या छोट्या कापांनी काढतो. म्हणजे जिथे लाकूड सर्वांत जास्त अडवतं तिथेच चेहरा सर्वांत स्पष्ट. दुपारच्या सत्रात मुलांकडून पहिला सराव हाच घ्यायचा: एक गालफड, फक्त आडव्या कापांनी.

शाईबद्दल. तैलशाई या हवेत लवकर वाळत नाही. रोलरवर कमी घ्यायची, पातळ थर दोन-तीनदा फिरवायचा. जास्त झाली की बारीक पांढरे काप बुजतात आणि चेहरा आंधळा होतो. कागद नेपाळी, पातळ. प्रेस वापरायचा नाही. चमच्याच्या पाठीने घासायचं, म्हणजे कुठे दाब कमी-जास्त द्यायचा ते प्रत्येकाच्या हातात राहील.

११ जुलै

हग्गादा. या प्रकल्पाचा गाभा इथे आहे असं आता वाटतं.

पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या पहिल्या रात्री घरात जेवणाच्या टेबलाशी बसून वाचायचं हे पुस्तक. मिसरच्या गुलामीतून सुटका कशी झाली ते वडीलधाऱ्यांनी लहानांना सांगायचं आणि लहानांनी प्रश्न विचारायचे. तोरा या मूळ धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीत चित्र काढत नाहीत, नक्षीही नाही. हग्गादा मात्र घरातलं, मुलांच्या हातातलं पुस्तक. त्यामुळे त्यात शतकानुशतकं चित्रं आली. यहुदी मुद्राचित्रकाराला परंपरेने मोकळी ठेवलेली जागा ही.

श्टाइनहार्टची हग्गादा १९२१ मध्ये बर्लिनमध्ये निघाली, १९२३ मध्ये पुन्हा छापली गेली. चित्रं काष्ठमुद्रेची. अक्षरं फ्रांत्सिस्का बारुख या विशीतल्या मुलीची. तिने आधार घेतला १५२६ च्या प्राग हग्गादाचा. गेर्शोम कोहेनच्या छापखान्यातली ती हग्गादा म्हणजे लाकडी ठशांच्या छपाईतलं एक शिखरच आहे. त्या जाड, काळ्याभोर, पायाशी रुंद होणाऱ्या अक्षरांवरून बारुखने आपली अक्षरं घडवली, आणि पुढे त्यांतूनच ‘स्ताम’ हा छपाईचा टाइप तयार झाला. श्टाइनहार्टच्या चित्राशेजारी हलकं, सडपातळ अक्षर असतं तर पान एका बाजूला कललं असतं. इथे चित्राचं काळं आणि अक्षराचं काळं एकाच वजनाचं आहे. पान पाहताना डोळा आधी कुठे जावा हे ठरत नाही, आणि मला तेच आवडतं.

हग्गादामध्ये चार मुलगे येतात: शहाणा, दुष्ट, भोळा, आणि ज्याला प्रश्न विचारताच येत नाही तो. दुष्ट मुलगा विचारतो, हे सगळं तुमच्यासाठी काय आहे? “तुमच्यासाठी” म्हणून तो स्वतःला घरच्यांतून वेगळं काढतो. प्राग हग्गादापासून चित्रकार त्याला सैनिक म्हणून दाखवत आले. व्हेनिस, आम्स्टरडॅम, सगळीकडे तो हत्यारबंद शिपाई. श्टाइनहार्टनेही ती रीत पाळली, फक्त त्याच्या सैनिकाच्या डोक्यावर टोकदार प्रशियन शिरस्त्राण आहे.

हे पान मी बराच वेळ पाहत बसले. त्याच सैन्यात श्टाइनहार्ट स्वतः होता. युद्ध संपून तीन वर्षं झाली होती आणि पुस्तक बर्लिनमध्येच छापलं जात होतं. वाचणाऱ्या घरांतून किती मुलं ते शिरस्त्राण घालून गेली असतील, किती परत आली नसतील. त्या घरांनी पेसाहच्या रात्री हे पान उघडायचं होतं. चारशे वर्षांची रूढी त्याने मोडली नाही, पूर्ण मान राखून पाळली. आणि ती पाळल्यानेच पान इतकं धारदार झालं.

विद्यार्थ्यांना परंपरा म्हटलं की चिन्हं आठवतात: दीप, तारा, कमळ, स्वस्तिक. त्यांना हे पान दाखवून सांगायचं की इथे परंपरा म्हणजे एक ठरलेली जागा आहे, आणि प्रत्येक काळातल्या चित्रकाराने त्या जागी आपल्या काळातला माणूस उभा करायचा.

१५ जुलै

रास्ता पेठेत एका बेने इस्राएली, म्हणजे मराठी यहुदी, काकांकडे गेले होते. ओळखीतून वेळ मिळाली. चहा, खारी, आणि टेबलावर आधीच काढून ठेवलेली घरातली जुनी हग्गादा. पानांवर द्राक्षरसाचे डाग, दोन ठिकाणी शिवण नव्याने घातलेली. काका म्हणाले, “डाग नसतील ती हग्गादा दुकानातली समजायची.” वाचताना मिसरवर आलेल्या दहा अरिष्टांच्या जागी प्रत्येक नावाला पेल्यातला थेंब बाजूला काढतात. त्या पानावर डाग सर्वांत जास्त, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

पुण्यात बसून श्टाइनहार्टवर बोलायचं तर १८७४ च्या पुणे हग्गादाबद्दल बोलायलाच हवं. मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनिएल तळकर यांनी ती काढली, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात शिळाछापावर, म्हणजे दगडावरून, छापली. हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. तिच्यात मात्सा, म्हणजे बेखमीर भाकरी, करणाऱ्या बायका आहेत आणि त्या लुगड्यात आहेत. पीठ मळणं, लाटणं, भाजणं, सगळं आपल्या स्वयंपाकघरातलं. मूळ चित्रांची ठेवण युरोपी हग्गादांतून आलेली, माणसं मात्र इथली.

श्टाइनहार्टला ही हग्गादा माहीत होती असं मी मुळीच सुचवणार नाही. तसा काही दुवा नाही. पण दोघांना एकाच पुस्तकाने एकच मुभा दिली. बर्लिनमध्ये दुष्ट मुलाच्या डोक्यावर प्रशियन शिरस्त्राण आलं, पुण्यात भाकरी लाटणारीच्या अंगावर लुगडं आलं. मुलांना श्टाइनहार्ट परका वाटू नये म्हणून याहून चांगला रस्ता मला सुचत नाही. व्याख्यानात दोन्ही पानं एका पडद्यावर शेजारी दाखवायची.

काकांनी सणांची जुनी नावं सांगितली. रोश हशाना, म्हणजे यहुदी नववर्ष, तो नव्याचा सण; योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, तो दारफळणीचा सण. त्यांच्या आजी अशीच म्हणायच्या. निघताना त्यांनी विचारलं, “तुमच्या त्या चित्रकाराने योना केलाय का? आम्ही तो दारफळणीच्या दिवशी दुपारी वाचतो.” केलाय, म्हटलं, त्या पळून जाणाऱ्या प्रेषितावर संपूर्ण पुस्तक केलंय. मग हागार या दासीची गोष्ट कधी वाचतात हेही विचारून घेतलं. नव्याच्या सणाला, पहिल्याच दिवशी.

घरी येऊन रात्री उशिरापर्यंत यादी करत बसले. खाली लिहीन.

१६ जुलै

यादी. हग्गादा, पेसाहला वाचतात. रूथ, श्टाइनहार्टचं चित्रमय पुस्तक १९५७ चं, शावुओत या सणाला वाचतात. हागार आणि इश्माएल, बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा एकविसावा अध्याय, रोश हशानाच्या पहिल्या दिवशी. योना, पुस्तक १९५३ चं, योम किप्पुरच्या दुपारी.

म्हणजे त्याची महत्त्वाची कामं वर्षभराच्या वाचनावर पसरलेली आहेत. पुस्तकातून विषय शोधत बसण्याची त्याला गरज नव्हती. वर्ष फिरत होतं आणि प्रत्येक सणाला एक माणूस मोठ्याने वाचला जात होता. त्याने त्या माणसांना चेहरे दिले.

व्याख्यानाचा क्रम बदलला. जन्म ते मृत्यू नाही. वर्षाच्या क्रमाने जायचं: रोश हशानापासून सुरुवात, मग योम किप्पुर, हिवाळ्यात गल्ल्या आणि शब्बाथची (शनिवारच्या विश्रांतीदिनाची) साधी चित्रं, वसंतात हग्गादा, शेवटी रूथ. चरित्र मधे मधे, जिथे गरज तिथे. कार्यशाळाही सप्टेंबरात आहे आणि यंदा रोश हशाना सप्टेंबरातच येतो, हे छान जुळलं.

२६ जुलै

अक्षरं कोरून पाहिली. हिब्रू उजवीकडून डावीकडे जातं, ठशावर उलटं करायचं म्हणजे डावीकडून उजवीकडे कोरायचं. आडव्या रेघा जाड, उभ्या बारीक. देवनागरी कोरताना शिरोरेषा सलग ठेवून खाली अक्षरं लटकवत जातो तशी सोय इथे नाही. प्रत्येक अक्षर सुटं उभं राहतं, आणि जाड आडव्या रेघेची टोकं तिरपी कापली नाहीत तर ते विटेसारखं ठोकळेबाज दिसतं.

शिळाछापावर पुण्याच्या कारागिरांना हा त्रास कमी होता. खास कागदावर सुलटं लिहून ते दगडावर उतरवता येतं, दगडावर ते आपोआप उलटं पडतं. लाकडात अशी पळवाट नाही. मुलांना अक्षर कोरायला द्यायचं नाही असं ठरवलं. एका दिवसात होणार नाही आणि अर्धवट अक्षर मला कोणाच्या हातून छापून घ्यायचं नाही. जिला पवित्र मानतात ती लिपी आहे.

३ ऑगस्ट

१९३३. हा भाग मी टाळत होते, कारण चार वाक्यांत सांगितलं तर खोटं वाटतं आणि विस्ताराने सांगितलं तर दिवस त्यातच जाईल.

२४ जानेवारी १९३३ ला बर्लिनच्या ओरानियनबुर्गर श्ट्रासेवर यहुदी संग्रहालय उघडलं. प्रवेशदालनात श्टाइनहार्टचं ‘प्रेषित’ लावलं होतं. सहा दिवसांनी, ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला. त्याच वर्षी एसए या नाझी निमलष्करी दलाच्या लोकांनी श्टाइनहार्टची चौकशी केली, आणि बायको मिनी आणि लहान मुलीला घेऊन तो देश सोडून गेला. फ्रांत्सिस्का बारुखही त्याच वर्षी गेली. संग्रहालय १९३८ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, बंद केलं. ‘प्रेषित’ वाचलं, आज बर्लिनमध्येच आहे, त्याच रस्त्यावर, नव्या सिनेगॉगच्या वास्तूत.

हे असंच, एवढंच सांगायचं. तारखा बोलतात.

जेरुसलेममध्ये १९३४ ला त्याने कलाशाळा काढली. चाळिशीच्या दशकात याकोब पिन्स त्याच्याकडे काष्ठमुद्रा शिकला. पुढे पिन्स स्वतः मोठा मुद्राचित्रकार झाला आणि जपानी छापचित्रांचा जाणकार संग्राहक म्हणून नावाजला गेला. १९४९ मध्ये श्टाइनहार्ट बेझालेलमध्ये आला. बर्लिनमधली श्ट्रुकची शिकवण, मधे जर्मन एक्स्प्रेशनिझम, आणि पुढे इस्राएलच्या मुद्राचित्रकारांची एक अख्खी पिढी, ही साखळी मुलांना फळ्यावर काढून दाखवायची. १९५५ च्या साओ पाउलो बिएनालेत, म्हणजे तिथल्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात, त्याला पारितोषिक मिळालं, तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता.

एक व्यवहाराची गोष्ट. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या चित्रांचे कॉपीराइट हक्क राहतात. श्टाइनहार्ट १९६८ मध्ये गेला, म्हणजे २०२८ च्या अखेरपर्यंत. म्हणून मोठ्या छापील प्रती करून भिंतीवर लावायचा विचार सोडला. वर्गात शिकवताना पडद्यावर दाखवायचं, पुस्तकं टेबलावर उघडी ठेवायची, आणि भिंतीवर फक्त मुलांची त्या दिवशीची कामं. हेच जास्त बरं आहे.

१४ ऑगस्ट

हागार. व्याख्यानाची सुरुवात हिच्यापासून आहे म्हणून सबंध दिवस तिच्यावर घालवला.

गोष्ट मुलांना माहीत नसेल, ती आधी सांगायची. अब्राहामाची बायको सारा. तिला मूल नव्हतं तेव्हा तिनेच आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला दिली. हागारला इश्माएल झाला. मग म्हातारपणी सारेला इसहाक झाला आणि तिने हागारला मुलासकट घालवून दे म्हटलं. अब्राहामाने पहाटे भाकरी आणि पाण्याची पखाल तिच्या खांद्यावर दिली आणि तिला पाठवलं. अरण्यात पाणी संपलं. तिने मुलाला झुडपाखाली ठेवलं आणि बाणाच्या टप्प्याएवढी दूर जाऊन बसली, कारण पोराचं मरण तिला पाहवत नव्हतं. तिथे तिला विहीर दिसली.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, भरलेल्या सिनेगॉगमध्ये, यहुदी लोक आपल्याच कुळपुरुषाने घराबाहेर काढलेल्या बाईची ही गोष्ट वाचतात. हे समजल्यापासून श्टाइनहार्टच्या हागारकडे मी वेगळ्या नजरेने पाहते आहे. यात परंपरेविरुद्ध बंड नाही. परंपरेनेच तिला वर्षाच्या दारात उभं केलं आहे आणि त्याने तिला पुन्हा पुन्हा कोरलं. इश्माएल ही अरबांच्या कुळाची सुरुवात मानली जाते. जेरुसलेममध्ये राहून, १९४८ च्या युद्धानंतरच्या वर्षांत, हागारवर परत परत येणं म्हणजे काय हे मी मुलांना सांगणार नाही. गोष्ट आणि साल सांगेन. त्यांना कळेल.

आता चित्राबद्दल. आई आणि मुलगा, बाकी जवळजवळ काहीच नाही. वाळवंट काढलेलं नाही, नुसतं मोकळं सोडलेलं आहे. बर्लिनच्या दिवसांत त्याची चित्रं माणसांनी आणि घरांनी भरलेली असायची. इथे तो एवढा कमी झाला. हागारचं शरीर म्हणजे एक मोठा वळलेला आकार, मुलगा त्यातच सामावलेला. दोघांच्या मधली रेषा कुठे संपते ते शोधावं लागतं. नंतरच्या वर्षांत तो एकाहून जास्त ठशांनी रंगही छापू लागला, पण रंग मातकट, दबलेले, काळ्याच्या हाताखाली राहणारे.

यानंतर योना. निनवेला जाऊन सांग की शहराचा नाश होणार, ही आज्ञा नको म्हणून तो जहाजाने उलट दिशेला पळतो. वादळ, मासा, तीन दिवस. शेवटी निनवेला जाऊन ओरडतो, आणि शहर खरंच ऐकतं. देव शहराला माफ करतो. तेव्हा योना रागावतो. १९१३ पासून शहरातला प्रेषित काढणाऱ्या माणसाने साठीनंतर ज्याचं शहर ऐकतं असा प्रेषित पुस्तकभर केला, आणि अक्षरं पुन्हा बारुखची. बर्लिनमधल्या हग्गादानंतर तीस वर्षांनी हे दोघं दुसऱ्या देशात, दुसऱ्या आयुष्यात एकाच पानावर आले. चार वर्षांनी रूथसाठीही. रूथ म्हणजे परक्या देशाची सून, सासूला सोडून न जाणारी. तिथे त्याचं काळंही थोडं सैल होतं, पिकाच्या शेतात उजेड येतो.

२२ ऑगस्ट

काल तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना तालीम म्हणून अर्धं व्याख्यान ऐकवलं. एकाने विचारलं, “मॅडम, हे सगळं धार्मिक आहे ना? मग आम्ही त्यातून काय घ्यायचं, आम्ही तर यहुदी नाही.” प्रश्न चांगला आणि प्रामाणिक होता. त्याला मी गालफडाचा सराव दिला आणि म्हटलं, हा चेहरा तुझ्या घरात सणाला ज्याची गोष्ट सांगतात त्याचा कर. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, सत्यनारायणाच्या पोथीतला साधुवाणी चालेल का. नवस बोलून विसरलेला, मग ज्याची नाव बुडते तो. चालेल म्हटलं, उत्तम चालेल. तासाभरात त्याने पाइनच्या फळीवर एक घाबरलेला व्यापारी काढला. डोळे अजून जमलेले नाहीत, पण गालावर लाकूड फाटलं आहे ते अगदी योग्य जागी.

दुपारचं सत्र यावरच बांधते आहे. प्रत्येकाने घरात वाचल्या किंवा सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीतला एक माणूस आणायचा. देव नको, माणूस. चूक केलेला, घालवलेला, पळालेला किंवा वाट पाहणारा. गोष्ट कोणत्या दिवशी, कोण सांगतं, हे फळीच्या मागे पेन्सिलीने लिहायचं.

राहिलेली कामं: फळ्यांना सॅंडपेपर, फार गुळगुळीत करायच्या नाहीत. गाठ असलेली फळी त्या साधुवाणीवाल्यासाठी बाजूला ठेवली आहे. नेपाळी कागद जास्तीचा मागवणं. रोलर साफ करायला रॉकेल. रास्ता पेठेतल्या काकांना फोन: सकाळच्या सत्राला येऊन योनाचा एखादा परिच्छेद हिब्रूत वाचाल का, हे विचारायचं आहे.